खणभाग ते ब्रिस्बेन: सांगलीतल्या एका ड्रॉइंग ऑफिसची निर्यात

ऑगस्ट २०१९ च्या पहिल्या आठवड्यात सांगलीच्या खणभागातून सहा माणसं सहा कॉम्प्युटर खांद्यावर घेऊन गुडघाभर पाण्यातून बाहेर पडली. कृष्णा चढत होती. आयर्विन पुलाजवळ ४५ फूट ही धोक्याची पातळी. त्या पुरात पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. त्या कॉम्प्युटरांत ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनजवळच्या एका फॅब्रिकेशन कारखान्याचं काम होतं: खाणीतल्या कन्व्हेयरसाठी लागणाऱ्या लोखंडी गॅलरीची ड्रॉइंगं. या ऑफिसला थेट परदेशातून मिळालेलं ते पहिलं काम. पोचवायला बारा दिवस उरले होते.

काम तीन दिवस उशिरा पोचलं. गिऱ्हाईक मात्र गेलं नाही. आजही तेच या ऑफिसचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक आहे. असं का झालं, ते मला नीट मांडायचं आहे. या ऑफिसचे हिशेब, जीएसटीची विवरणपत्रं आणि बँकेचे कागद मी पाहतो, त्यामुळे आतलं बरंच ठाऊक आहे. मालकांची परवानगी घेतली आहे. नावं कुणाचीच देत नाही.

विकसनशील देशाची सेवांची निर्यात कशामुळे वाढते, असं कॉमर्सच्या वर्गात विचारलं की पहिलं उत्तर ठरलेलं असतं: मजुरी स्वस्त. मीही कॉलेजात हेच लिहिलं होतं. या एका ऑफिसचे कागद इतकी वर्षं चाळल्यावर ते उत्तर मला फार अपुरं वाटतं. मजुरी म्यानमारमध्येही स्वस्त आहे. मग ब्रिस्बेनची ड्रॉइंगं तिकडे का जात नाहीत?

आधी आकड्यांचा आवाका पाहू. २०००-०१ मध्ये भारताची सेवानिर्यात सुमारे १६ अब्ज डॉलर होती. २०२४-२५ मध्ये ती सुमारे ३८७ अब्ज डॉलरवर गेली. त्याच वर्षी वस्तूंची निर्यात सुमारे ४३७ अब्ज डॉलर होती. तासगावच्या द्राक्षांपासून पेट्रोल-डिझेलपर्यंत जे जे बंदरातून बाहेर जातं, त्याच्या ८९ टक्क्यांच्या आसपास रक्कम जहाजात न चढणाऱ्या मालातून येते. वस्तूंच्या व्यापारात आपल्याला मोठी तूट आहे; सेवांच्या व्यापारात त्या वर्षी सुमारे १८८ अब्ज डॉलर शिल्लक पडले. या शिल्लकीतला बारीकसा थेंब सांगलीच्याच विश्रामबागेतल्या एका पहिल्या मजल्यावर तयार होतो. पुरानंतर ऑफिस तिकडे हललं.

१९९५ मध्ये जागतिक व्यापार संघटना आली, तेव्हाच सेवाव्यापाराचा करारही लागू झाला. त्यात सेवा सीमा ओलांडते तिचे चार मार्ग मानले आहेत. सांगली-मिरजेच्या माणसाला ते समजायला पुस्तक लागत नाही. ड्रॉइंग इथे काढलं आणि तारेवरून ब्रिस्बेनला गेलं, हा पहिला मार्ग. परदेशातला रुग्ण मिरजेत येऊन ऑपरेशन करून घेतो, किंवा आपला मुलगा तिकडे फी भरून शिकतो, हा दुसरा. परदेशी कंपनी पुण्यात आपलं केंद्र उघडते, हा तिसरा. आणि मिरजेत शिकलेली नर्स काही वर्षांसाठी आखातात जाऊन काम करते, हा चौथा. जगाच्या सेवाव्यापारातला निम्म्याहून जास्त हिस्सा तिसऱ्या मार्गाने होतो. चौथ्याचा वाटा पाच टक्क्यांपर्यंतही पोचत नाही. माणसाला सीमा ओलांडू देणं प्रत्येक देशाला सर्वांत जड जातं. आपल्या ऑफिसचं काम पहिल्या मार्गाचं. पण ते उभं राहिलं ते तिसऱ्या आणि चौथ्या मार्गाच्या खांद्यावर, आणि वर्गात हीच गोष्ट सांगायची राहून जाते.

काम काय, आणि ते शिकलं कुठे

एखादी लोखंडी इमारत उभी करायची तर इंजिनिअर फक्त सांगाडा देतो: इथे हा खांब, तिथे ही तुळई. कारखान्यातल्या वेल्डरला तेवढ्यावर काम करता येत नाही. त्याला प्रत्येक तुकड्याचं वेगळं ड्रॉइंग लागतं. लांबी किती, भोकं कुठे, कितीची, वेल्ड किती जाडीचं, बोल्ट कुठल्या जातीचा. हे काम म्हणजे डिटेलिंग. आधी कॉम्प्युटरवर अख्खा सांगाडा त्रिमितीत उभा करतात, त्यातून एकेका तुकड्याचं शॉप ड्रॉइंग काढतात, शिवाय भोकं पाडणाऱ्या मशीनला थेट घालता येईल अशी फाइल देतात. मूळ नकाशात काही जुळत नसेल तर लेखी प्रश्न पाठवतात, त्याला आरएफआय म्हणतात. ड्रॉइंग काढणारा मॉडेलर, आणि ते ओळीन् ओळ तपासणारा चेकर. ऑफिसची अब्रू चेकरच्या हातात असते.

मालक २०१० साली सांगलीतूनच सिव्हिल इंजिनिअर झाले. नोकरी पुण्यात, एका परदेशी कंपनीच्या इंजिनिअरिंग केंद्रात. तिथे त्यांना पहिल्यांदा ऑस्ट्रेलियाचं स्टँडर्ड भेटलं. आपल्याकडे शिकताना तुळई म्हणजे आयएसएमबी ३०० या मापाची, आणि हिशेब आयएस ८०० या भारतीय स्टँडर्डचा. तिकडे तीच गोष्ट ३१०यूबी४० होते, आणि नियम एएस ४१०० चे. वेल्डचं स्टँडर्ड वेगळं, बोल्ट आवळायच्या पद्धतीची खूण वेगळी, ड्रॉइंगच्या कोपऱ्यातला मजकूरसुद्धा वेगळा. हे कॉलेजात शिकवत नाहीत. सहा वर्षं तिकडच्या चेकरनी लाल पेनाने खुणा करून ड्रॉइंगं परत पाठवली, तेव्हा ते अंगात मुरलं. परदेशी भांडवल आल्याने काय मिळालं हे मोजताना आपण नोकऱ्या मोजतो, गुंतवणूक मोजतो. मला तरी सर्वांत मोठी मिळकत ही लाल खुणांची वाटते. ती माणूस नोकरी सोडताना सोबत घेऊन येतो.

२०१६ मध्ये वडिलांच्या आजारपणामुळे मालक सांगलीला परत आले. दोन वर्षं पुण्यातल्या एका मोठ्या ऑफिसची उपकंत्राटं घेतली. काम परदेशाचंच, पण पैसे रुपयांत, आणि तेही तीन-चार महिन्यांनी. कागदोपत्री ही निर्यात त्यांची नव्हतीच. मोठ्या ऑफिसांच्या निर्यातीत आपल्या जिल्ह्यांतल्या अशा किती लहान ऑफिसांचे तास मुरलेले असतील, हा विचार मला तेव्हापासून सोडत नाही.

एक माणूस आधी गेला

पहिलं थेट काम मिळालं ते कुठल्या वेबसाइटवरून नाही. कॉलेजातले दहा वर्षं पुढचे एक सीनियर ब्रिस्बेनमध्ये स्ट्रक्चरल इंजिनिअर आहेत. त्यांनी त्या फॅब्रिकेशन कारखान्याच्या मॅनेजरला सांगितलं, "हा मुलगा चुकला तर लपवणार नाही." एवढंच. दराचा विषय नंतर निघाला.

मी मूळचा विट्याकडचा. त्यामुळे हे ऐकल्यावर मला आमच्या गलाईवाल्यांची आठवण झाली. खानापूर, आटपाडी, तासगाव हा दुष्काळी पट्टा. इथली माणसं सोनं-चांदी गाळण्याचं कसब घेऊन देशभरच्या सराफ बाजारांत पसरली. दूरच्या शहरातला सराफ आपल्या दुकानातलं सोनं एका परक्या भाषेच्या माणसाच्या मुशीत टाकतो, ते काय मजुरी कमी म्हणून? तसं असतं तर त्याला त्याच्या गावातही माणूस मिळाला असता. त्याच्या शेजारच्या सराफाकडे याच तालुक्यातला दुसरा माणूस वीस वर्षं बसलेला असतो, आणि त्याच्या हातून गुंजभर सोनं इकडचं तिकडे झालेलं नसतं. आधी एक माणूस जातो, मग त्याचा भाचा जातो, मग गाव जातं. सेवा विकत घेणाऱ्याला माल आधी पारखता येत नाही. हळदीचं पोतं उघडून बघता येतं. ड्रॉइंग बरोबर होतं की नाही हे तुळई क्रेनने वर चढल्यावर कळतं. म्हणून सेवेच्या व्यापारात ओळख हेच तारण असतं. परदेशात स्थायिक झालेली आपली माणसं घरी पैसे पाठवतात ते आकडे छापून येतात. त्यांनी टाकलेल्या शब्दावर किती कामं आली, त्याचा रकाना कुठेच नाही.

हळदीचं उदाहरण सहज आलं, पण त्यात एक फरक मोलाचा आहे. सांगलीची हळदपेठ उभी राहिली त्यात हरिपूरच्या मातीचा वाटा होता. तिथल्या पेवांत, जमिनीखाली, हळद वर्षानुवर्षं टिकायची. ती माती दुसरीकडे नेता येत नव्हती. ड्रॉइंगला अशी माती लागत नाही. आज विश्रामबागेत होणारं काम उद्या मनिलात किंवा हो ची मिन्ह सिटीत होऊ शकतं. म्हणून या धंद्यात जमिनीने दिलेली सोय नसते. जे आहे ते माणसांनी रोज टिकवावं लागतं.

पुराचे ते पंधरा दिवस

पाणी मारुती चौकाकडून सरकायला लागलं त्या सकाळी मालकांनी ऑफिसातल्या चेकर ताईंना विचारलं, "ताई, त्यांना कळवायचं का? पहिलंच काम आहे, काढून घेतील." ताई बुधगावच्या; लग्नानंतर पुण्याची नोकरी सोडून आलेल्या. त्या म्हणाल्या, "सर, न कळवता बसलो तर नक्की काढून घेतील. फोटो काढा आणि पाठवा."

मेल गेला. ऑफिसात पाणी येत आहे, मॉडेल सुरक्षित आहे, आम्ही मिरजेला हलतो आहोत, उद्या याच वेळेला पुढचं कळवू. मिरज उंचावर. तिथे एका नातेवाइकांच्या हॉलमध्ये सतरंज्यांवर कॉम्प्युटर मांडले. वीज जात-येत होती. इंटरनेट म्हणजे मोबाइलचं, तेही रात्री बारानंतर जरा बरं चालायचं. तेव्हा फाइल चढवायच्या. रोज ठरल्या वेळी मेल मात्र गेला. ज्या दिवशी काहीच काम झालं नाही त्या दिवशीही "आज काम झालं नाही" एवढा मेल गेला.

ब्रिस्बेनच्या मॅनेजरने दोन ओळींत उत्तर दिलं. जानेवारी २०११ च्या पुरात त्यांचंही आवार पाण्याखाली गेलं होतं. तारीख पुढे ढकलली आहे, माणसं सांभाळा. हा योगायोग. त्यांच्या शहराने पूर पाहिला नसता तर काय झालं असतं, सांगता येत नाही. पण योगायोगालाही धरायला काहीतरी लागतं. रोजचा मेल नसता, तर त्यांना आपला पूर कळलाच नसता; फक्त न आलेलं ड्रॉइंग दिसलं असतं. पुढे फेब्रुवारी २०२२ मध्ये ब्रिस्बेन पुन्हा बुडालं. तेव्हा इकडून विचारपूस गेली आणि त्या महिन्याचं बिल मालकांनी आपण होऊन थांबवलं.

या प्रसंगातून मी हिशेबनीस म्हणून एक गोष्ट शिकलो. रस्ते, वीज, इंटरनेट या गोष्टी निर्यातीला लागतातच, आणि त्याबद्दल मोठमोठे अहवाल आहेत. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं नसतं, पुढे दूरसंचार खुलं झालं नसतं, तर हे ऑफिसच नसतं. पण सरासरी वेगापेक्षा महत्त्वाचं काय, तर वर्षातले ते पंधरा दिवस तुमचं काय होतं. मुंबई-पुण्याच्या कंपनीकडे दुसऱ्या शहरात दुसरं ऑफिस असतं. सांगलीच्या ऑफिसकडे मिरजेची सतरंजी होती. आता विश्रामबागेत दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या लाइन आहेत, बॅटरीचा बॅकअप आहे, आणि मॉडेलची प्रत रोज रात्री बाहेरच्या सर्व्हरवर जाते. हा सगळा खर्च "सांगली स्वस्त पडते" या वाक्यातून वजा करावा लागतो.

जुलै २०२१ मध्ये नदी पुन्हा ५० फुटांच्या वर गेली. तेव्हा एकही दिवस बुडाला नाही.

कागद

आता माझ्या प्रांतातलं. मालाची निर्यात कस्टममधून जाते, शिक्का बसतो. ड्रॉइंगच्या मेलवर शिक्का नसतो. १९९८ पासून जगातल्या देशांनी इलेक्ट्रॉनिक मार्गाने जाणाऱ्या गोष्टींवर सीमाशुल्क न लावण्याचं धोरण ठेवलं. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचं शुल्क ५० टक्क्यांपर्यंत नेलं, तेव्हा निर्यात करणारे कारखानदार हवालदिल झाले. ड्रॉइंगवाल्यांच्या बिलाला सीमेवर कुणी अडवलं नाही. पण सेवेला नाका नसतो असं समजू नये. तिचे नाके आत असतात: कराच्या कायद्यात, बँकेच्या टेबलावर, व्यवसायाच्या परवान्यात.

जीएसटी कायद्यात सेवा "निर्यात" ठरायला पाच अटी आहेत. देणारा भारतात, घेणारा बाहेर, सेवेचं ठिकाण बाहेर, पैसे परकीय चलनात किंवा रिझर्व्ह बँक परवानगी देईल तिथे रुपयांत, आणि देणारा-घेणारा एकाच संस्थेच्या दोन शाखा नकोत. अटी पुऱ्या झाल्या तर कर शून्य. दर वर्षी हमीपत्र भरायचं, कर न लावता बिल काढायचं आणि खरेदीवर भरलेला कर परत मागायचा. सुटसुटीत आहे. पण एकदा ब्रिस्बेनच्या कारखान्याला काही ओतीव सुटे भाग हवे होते. मालकांनी कुपवाडच्या एका फाउंड्रीशी गाठ घालून दिली आणि कारखान्याने त्यांना कमिशन दिलं. तेच गिऱ्हाईक, तेच बँक खातं, तोच डॉलर. पण या बिलावर १८ टक्के कर. कारण मध्यस्थाच्या सेवेचं ठिकाण म्हणजे मध्यस्थ जिथे बसतो ते, असं कायदा म्हणत होता. म्हणजे सांगलीतून परदेशी गिऱ्हाइकाला आपला माल जोडून देणाऱ्याला दंड. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी परिषदेने ही तरतूद काढून टाकण्याची शिफारस केली, तेव्हा मला मनापासून बरं वाटलं. मालकांनी मात्र त्या एका अनुभवानंतर मध्यस्थी सोडून दिली होती. अशी सोडलेली कामं मोजायची सोय नसते.

बँकेचा त्रास यापेक्षा जुना. पहिला हप्ता आला तेव्हा इथल्या शाखेत परकीय चलनाचं काम कुणाला येत नव्हतं. कागद दुसऱ्या शहरातल्या मोठ्या शाखेत गेले. पैसे कशासाठी आले याचा कोड चुकीचा पडला, म्हणून निर्यातीचा दाखला अडला, दाखला अडला म्हणून कराचा परतावा अडला. त्या खोळंब्यात ऑफिसने पगारासाठी मालकांच्या आईचे दागिने गहाण ठेवले. मी त्या काळात पाच वेळा त्या शाखेत गेलो. तिथली माणसं वाईट नव्हती. त्यांनी असं काम आयुष्यात पाहिलं नव्हतं. पुण्यात हेच काम एका दिवसाचं. देशाच्या निर्यातीची चर्चा दिल्ली-मुंबईत होते, पण ती अडते जिल्ह्याच्या शाखेतल्या एका टेबलावर, असं मी ठामपणे म्हणतो.

तिसरा कागद सर्वांत मोठ्या रकमेचा. भारत-ऑस्ट्रेलिया कर करारातल्या जुन्या व्याख्येत तांत्रिक आराखडा तयार करून देण्याचा मोबदला रॉयल्टीसारखा धरला जायचा. काम सांगलीत बसून केलं तरी ऑस्ट्रेलिया त्यावर कर मागू शकत होती. ब्रिस्बेनच्या कारखान्याच्या अकाउंटंटने हे दाखवून एका बिलातून कर कापला. इथे त्याची सवलत मिळवायची तर कागदांची वेगळी फाइल, आणि नफा बारीक असेल तर सवलतही पुरती मिळत नाही. मग एप्रिल २०२२ मध्ये दोन्ही देशांत आर्थिक सहकार्य आणि व्यापार करार झाला, २९ डिसेंबर २०२२ पासून तो लागू झाला, आणि त्याच्या जोडीने ऑस्ट्रेलियाने आपला कायदा बदलून अशा सेवांवरचा तो कर सोडून दिला. वर्तमानपत्रांत तेव्हा कापड आणि दारूवरच्या शुल्काची चर्चा होती. आमच्या ऑफिसच्या नफ्यात त्या एका कलमाने पडलेला फरक कुठल्याही पगारकपातीने पडला नसता.

मागणी तिकडची, आयात इकडची

रुपया घसरला की निर्यात वाढते, हे दुसरं ठरलेलं उत्तर. माझ्याकडचे कागद तसं सांगत नाहीत. रुपया घसरला तेव्हा नवं काम आलं नाही. आलेल्या पैशाचे चार रुपये जास्त झाले, आणि त्यातले दोन सॉफ्टवेअरच्या लायसन्समध्ये गेले, कारण ते परदेशी चलनाच्या हिशेबानेच महागतं. ऑफिसच्या खर्चात पगारांच्या खालोखाल लायसन्स येतं. भाडं त्याच्या किती तरी मागे. परदेशी लायसन्सशिवाय आपली निर्यात एक पाऊल चालत नाही. सेवांच्या आयातीकडे आपण संशयाने बघतो, पण ती महाग केली तर सर्वांत आधी असली सहा-आठ टेबलांची ऑफिसं बसतील.

काम वाढलं ते तिकडे बांधकाम वाढलं तेव्हा. क्वीन्सलंड, म्हणजे ब्रिस्बेनचं राज्य, तिथल्या खाणी चालल्या की कन्व्हेयर लागतात. जुलै २०२१ मध्ये २०३२ चं ऑलिंपिक ब्रिस्बेनला जाहीर झालं, त्यानंतर तिथल्या कारखान्यांना माणसं कमी पडू लागली, डिटेलर तर फारच. विकणाऱ्याच्या स्वस्ताईपेक्षा घेणाऱ्याची गरज आणि ऐपत मोठी. आणि कोविडने आणखी एक गोष्ट केली: शेजारच्या खोलीतला डिटेलरही स्क्रीनवरच भेटायला लागला, मग तो सांगलीत असला काय. त्या वर्षी, २०२०-२१ मध्ये, परदेशी पर्यटन जवळपास बंद पडूनही देशाची एकूण सेवानिर्यात सुमारे २१३ अब्जांवरून २०६ अब्ज डॉलरपर्यंतच उतरली. विमानं बंद होती, तारा चालू होत्या.

आता घड्याळ. ब्रिस्बेन आपल्यापेक्षा साडेचार तास पुढे. ऑफिस सकाळी सहाला उघडतं, तेव्हा तिकडे साडेदहा. साडेअकराला तिकडची कामाची वेळ संपते. म्हणजे साडेपाच तास बोलता येतं, आणि दुपारी शांतपणे काम. अमेरिकेचं काम धरलं असतं तर रात्रपाळी आली असती, आणि ताईंसारखी माणसं टिकली नसती. ताई पावणेसहाला स्कूटरवरून येतात, तीनला घरी जातात. ऑफिसात आता अकरा जण आहेत, त्यांतल्या पाच मुली. पाच वर्षांत दोघांनीच नोकरी सोडली. पुण्यात मॉडेलर दीड-दोन वर्षांत दुसरीकडे जातो, आणि त्याच्याबरोबर गिऱ्हाइकाच्या सवयींची माहितीही जाते. सांगलीची खरी स्वस्ताई पगारात नाही, या टिकण्यात आहे.

चूक एकदा मोठी झाली. २०२१ च्या अखेरीस एका कामात काही क्लीटच्या, म्हणजे तुळई जोडायच्या लोखंडी तुकड्यांच्या, भोकांमधलं अंतर चुकलं. जागेवर तुळई बसेना. साइटवर भोकं पुन्हा पाडण्याचा खर्च कारखान्याने मागितला. याला बॅकचार्ज म्हणतात. त्या कामातला सगळा नफा गेला. मालकांनी वाद घातला नाही, चूक कुठल्या टप्प्यावर निसटली त्याचा एक पानी खुलासा पाठवला आणि तपासणीची नवी यादी जोडली. ती यादी पुढे ब्रिस्बेनच्या कारखान्याने आपल्या दुसऱ्या डिटेलरलाही लावली.

आता अडलंय कुठे

गेल्या वर्षी कारखान्याने विचारलं: जोडाची डिझाइनंही तुम्हीच कराल का? म्हणजे बोल्ट किती आणि प्लेट किती जाड, हे ठरवण्याचं काम. त्यात पैसा डिटेलिंगपेक्षा चांगला. हिशेब इथे करता येतात, मालकांना आणि ताईंनाही. पण क्वीन्सलंडच्या २००२ च्या कायद्याने व्यावसायिक इंजिनिअरिंगची सेवा तिथल्या नोंदणीकृत इंजिनिअरने, किंवा त्याच्या थेट देखरेखीखालीच द्यावी लागते. काम बाहेरच्या देशात बसून केलं तरी. २०१४ मध्ये भारत वॉशिंग्टन कराराचा, म्हणजे इंजिनिअरिंगच्या पदव्या एकमेकांनी मानण्याच्या कराराचा, पूर्ण सदस्य झाला, त्यामुळे ठरावीक मान्यता असलेल्या अभ्यासक्रमांच्या नंतरच्या पदव्या तिकडे मानल्या जातात. मालकांची पदवी २०१० ची. त्यांना स्वतःच्या कामाचे तीन तपशीलवार प्रसंग लिहून तिकडच्या संस्थेकडून पात्रता तपासून घ्यावी लागेल, मग नोंदणी. दोन वर्षं तरी धरावीत.

दुसरा रस्ता ब्रिस्बेनमध्ये छोटी कंपनी काढून नोंदणीकृत इंजिनिअर नोकरीला ठेवण्याचा. त्याच्या एका पगारात इथले अकरा पगार निघतात. तिसरा, कामापुरता तिकडचा इंजिनिअर घ्यायचा: हिशेब इथे, देखरेख आणि सही त्याची, आणि डिझाइनच्या मोबदल्यातला मोठा वाटाही त्याचा. मी मालकांना तिसरा सुचवला, कारण खात्यात दोन महिन्यांपुरतीच शिल्लक होती. ताईंचं मत वेगळं होतं. त्या म्हणाल्या, "सही दुसऱ्याची असेल तर दहा वर्षांनीही आपण ड्रॉइंग काढणारेच राहू. तुम्ही लिहायला बसा सर, ऑफिस मी बघते." मला त्यांचं पटलं. सध्या दोन्ही चालू आहे: सही तिसऱ्या रस्त्याने येते, आणि मालक रविवारी आपले तीन प्रसंग लिहितात. पहिला प्रसंग त्या कन्व्हेयर गॅलरीचा आहे.

पुरापासूनचा रोजचा मेल अजून बंद झालेला नाही. कुठली ड्रॉइंगं गेली, कुठले आरएफआय उत्तराविना आहेत, उद्या काय जाईल. जुलै-ऑगस्टमध्ये त्याखाली एक ओळ जास्तीची असते: आयर्विन पुलाजवळ आज पाणी किती फूट. मागच्या जुलैत दोन दिवस ती ओळ लिहायची राहिली, तर तिसऱ्या दिवशी सकाळी सहाला ब्रिस्बेनहून मेल येऊन पडला होता, नदी कशी आहे म्हणून.